ज्याची गोळी, त्याचीच सफाई

आमच्या परभणीच्या नेमबाजी क्लबात दोनच गोष्टी नियमित होतात, चहा आणि ठराव. दोन्ही माझ्याच गळ्यात, कारण मी सचिव. त्या रविवारी ठराव होता पिस्तूल निवडण्याचा.

आजवर आमची पोरं एअर पिस्तुलावर शिकली. त्याला सफाई अशी फारशी लागत नाही. पण पालमची सुकेशनी यंदा राज्य स्पर्धेत पॉइंट टू टू पिस्तुलावर उतरणार होती. बारुदाचं पिस्तूल म्हटलं की काजळी आली, खोलून पुसणं आलं. आणि आमचे प्रशिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार महारुद्र, यांचा कायदा एकच: ज्याची गोळी, त्याचीच सफाई. मोडला की नाव कमी. दोन पोरांची नावं त्यांनी खरंच कमी केली होती.

सुकेशनीची डाव्या हाताची तीन बोटं लहानपणी सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेली. राहिले अंगठा आणि करंगळी. पिस्तूल मात्र एकाच हातानं चालवतात, दुसरा हात सगळेच खिशात घालून उभे राहतात. म्हणूनच हा खेळ आवडला, असं तिनं मला एकदा सरळ सांगितलं होतं.

विक्रेत्यानं चाचणीला दोन पिस्तुलं आणली. एकाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, देखणी. दुसरं काळं, ओबडधोबड, पाहुण्यांसमोर काढायला लाज वाटावी असं. मला लाकडी आवडलं, अध्यक्ष दिनकररावांनाही. सुकेशनीनं दोन्हींवर दहा-दहा गोळ्या झाडल्या. लाकडीवर शंभरात चौऱ्याण्णव, काळ्यावर एकोणनव्वद. माझ्या मते ठराव तिथंच संपला होता.

सुभेदारांनी टेबलावर फडकं अंथरलं आणि तिला दोन्ही साफ करायला सांगितली.

तिनं डावा हात खिशातून काढला. लाकडी पिस्तुलाला बारीक स्क्रू होता. एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं पाना फिरवायचा. तिनं ते कोपराखाली दाबलं, मग पोटाशी धरलं. स्क्रू निघाला, पण आतली स्प्रिंग उडून टेबलाखाली गेली. मी वाकलो, तर सुभेदारांनी मला हातानंच थांबवलं. गुडघ्यांवर बसून तिनंच ती शोधली. वीस मिनिटं गेली, आणि पिस्तूल अजून उघडंच होतं. आम्ही चौघं पाहत उभे होतो. मला त्या खोलीत नको नको झालं.

दिनकरराव मनानं चांगले. सफाई आमच्यातलं कोणीही करील, तू फक्त नेम धर, असं त्यांनी तिला समजावलं. सुभेदारांनाही सुनावलं, की सफाईपायी चांगलं पिस्तूल सोडायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. या पोरीपुरता कायदा सैल करायला काय हरकत आहे? खरं सांगायचं तर मीही मान डोलावली होती.

सुकेशनीनं काळं पिस्तूल ओढलं. बाजूची कळ अंगठ्यानं दाबली, वरचा भाग मागं सरकवून उचलला. नळीतून तेलाचं फडकं फिरवलं, पुसलं, परत बसवलं. सहा मिनिटं.

"हेच घ्या," ती म्हणाली.

दिनकररावांनी तिच्यापुढं दोन्ही लक्ष्यपत्रं धरली. पाच गुणांचा फरक हाय पोरी, इतक्यात तर निवड हुकते, म्हणाले.

सुकेशनी फडक्याला हात पुसत होती.

"पाच गुण सरावानं वाढतेल सर," ती म्हणाली. "बोटं न्हाई वाढायची."

मी ठरावात काळ्या पिस्तुलाचं नाव लिहिलं आणि दिनकररावांनी न वाचताच खाली सही केली.