पानं तीच, खोड नवं

"आधीचा रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर!" पांढऱ्या कोटवाला माइकवर गरजला. समोरच्या म्हाताऱ्याने पेला तोंडाला लावला. उच्चासनावरच्या पाणीबाबांनी त्यात नुकतंच बोट बुडवून काहीतरी पुटपुटलं होतं. "आणि आता, एकशे अडतीस!" बंद पडलेलं ते सिनेमागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. फाटक्या खुर्च्यांवर माणसं दाटीवाटीने बसली होती, बायका डोळे पुसत होत्या.

गर्दीत बसलेल्या गणिताच्या बाईंनी मात्र तोंड फिरवलं. थोड्या वेळापूर्वी बाबांनी त्याच बोटाने कान कोरलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. शेजारी त्यांचा थोरला भाऊ हात जोडून बसला होता. मागच्या आठवड्यात त्याचाही दाब इथेच 'उतरला', आणि त्या दिवसापासून त्याने गोळ्या सोडल्या. आज सकाळी शर्ट घालताना त्याला अशी भोवळ आली की बाईंनी धरलं म्हणून पडला नाही.

"दादा, आज तरी गोळी घे. आणलीय मी."

"गोळी घेतली की पाणी रुसतं, असं बाबा म्हणालेत. आकडे ऐकतेयस ना? आकडे कधी खोटं बोलतात का? तूच शिकवतेस ना गणित?"

बाईंच्या ते जिव्हारी लागलं. आकडे बिचारे खोटं बोलत नाहीत, त्यांच्या तोंडून बोलणारे हरामखोर असतात. त्यांनी गोळ्यांच्या कागदी पाकिटावर पेन टेकवलं आणि आतापर्यंत पुकारलेल्या पाच जणांच्या आकड्यांचा, वर्गात शिकवतात तसा खोड-पान आलेख मांडायला घेतला. प्रकार सोपा आहे. आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे पान आणि त्याआधीचा भाग म्हणजे खोड. एकशे अठ्ठ्याहत्तरचं खोड सतरा, पान आठ. एका खोडाची सगळी पानं एका ओळीत, चढत्या क्रमाने. गर्दी कुठे आणि विरळ कुठे ते लगेच दिसतं, शिवाय मूळचा एकही आकडा हरवत नाही.

पाण्याआधी:
१६ | ३ ९
१७ | १ ८
१८ | ५

पाण्यानंतर:
१२ | ३ ९
१३ | १ ८
१४ | ५

बाई बघतच राहिल्या. खऱ्या औषधाने कुणाचा दाब दहाने उतरतो, कुणाचा तिसाने, कुणाचा ढिम्म हलत नाही. पानं विस्कटायला हवीत. इथे एक पान हललं नव्हतं, नुसतं खोड चाराने खाली आलं होतं. म्हणजे सरसकट चाळीस वजा! तिसरीतलं पोर करील एवढ्या वजाबाकीवर हा माणूस आजाऱ्यांच्या गोळ्या सोडवत होता. बाईंना त्याची शिसारी आली. त्या तरातरा मंचापाशी गेल्या.

मंचावर दोन यंत्रं होती. पाण्याआधीच्या यंत्रावर आकडा चमकायचा, तो सगळ्यांना दिसायचा. पाण्यानंतरचं जुन्या पद्धतीचं, नळी कानाला लावून ऐकायचं. ऐकणारा एकटा कोटवाला.

पहिल्या यंत्रावर एका बाईंचा आकडा उमटला, एकशे चौऱ्याण्णव. त्या पाणी प्यायल्या. कोटवाला नळी कानाला लावतोय तोच गणिताच्या बाई ओरडल्या, "एकशे चोपन्न!"

कोटवाल्याचं लक्ष नव्हतं. सवयीने तो माइकवर बोलून गेला, "एकशे चोपन्न!"

सभागृहात हशा पिकला. पुढच्याचा आकडा आला, एकशे छप्पन्न. "आता हा एकशे सोळा म्हणणार," बाई म्हणाल्या.

"मुळीच नाही!" कोटवाला चिडला. "एकशे एकोणीस आहे!"

"अहो, पट्ट्यात हवा तरी भरा आधी!"

पट्टा त्या माणसाच्या दंडावर सैल लोंबत होता. बाईंनी नळी हिसकावली आणि तिचं टोक उघडून सगळ्यांना दाखवलं. आत पडदाच नव्हता, नुसती पोकळ डबी.

"अश्रद्धेची सावली पडली की पाणी रुसतं!" बाबा गरजले.

"रुसू द्या. तुमचं कान कोरलेलं पाणी आम्ही प्यायलो, हेच फार झालं," बाई म्हणाल्या आणि लोकांकडे वळल्या. "जे एकट्यालाच ऐकू येतं ते दुसऱ्याला ऐकू दिल्याशिवाय मानू नका. आकडा कुणी मोजला, कशाने मोजला, हे विचारा. विचारल्याने देव कोपत नाही, कोपतो तो चोर. आणि आजच डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा."

निम्मे लोक उठले. निम्मे तरीही पेले धरून बसून राहिले, आणि ते बघून बाईंना बाबांपेक्षा त्यांचीच जास्त किळस आली.

दादा मान खाली घालून बसला होता. बाईंनी त्याला मंचावर नेऊन पहिल्याच यंत्रावर मोजलं. एकशे अठ्ठ्याण्णव.

"पण मागच्या वेळी एकशे सत्तेचाळीस आला होता गं."

"आणि पाण्याआधी?"

"एकशे सत्त्याऐंशी."

बाईंनी पाकिटावरची दोन्ही झाडं त्याच्यापुढे धरली आणि पेन दिलं. त्याने अठराच्या ओळीत सात लिहिला, मग चौदाच्या ओळीत सात. मग दोन्ही सातांवरून त्याने बोट फिरवलं.

"आण ती गोळी. मग डॉक्टरकडे चल."

"पाणी आणू?"

"पाणी नको," दादा म्हणाला आणि गोळी कोरडीच गिळली.