शेतीशास्त्रापुढचा भोपळा

जांभळी. कोकोच्या बीच्या दोन्ही फाकींवर, आतल्या सुरकुत्यांपर्यंत नुसती जांभळी – ज्युनेलनं ब्लेड फ्रॉकला पुसून आणखी एक बी कापली, तीही जांभळीच, आणि दोन्ही तिनं समोरच्या वेळापत्रकावर ठेवल्या, नेमक्या त्या रकान्यात जिथं शेतीशास्त्रापुढं तिनं ऐटीत भोपळा काढला होता.

बाकी वेळापत्रक फक्कड होतं, यात तिला शंका नव्हती. उजळणीला सगळ्यांत जास्त वेळ गणिताला, कारण गणित एक दिवस सोडलं की रुसतं. त्याच्या खालोखाल रसायन. मग इतिहास, त्यात डोकं कमी आणि घोकंपट्टी फार. स्पॅनिश येता-जाता, केस विंचरता विंचरता. वर्गातल्या पोरी तिलाच विचारायला यायच्या, कुठल्या विषयाला किती वेळ देऊ गं, आणि ती डॉक्टरनं औषध लिहून द्यावं तसं सांगायची. शेतीशास्त्राचं कुणी विचारलं तर हसायची. त्याची कसली उजळणी? मी कोको आंबवायच्या पेट्यांच्या आडोशाला रांगलेली पोरगी. उन्हात पसरलेल्या बियांतून अनवाणी पाय घासत त्या उलटायच्या, हे मी धड बोलायच्या आधी शिकले... आणि शिकवणारे कोण, तर आल्स्टन आजोबा, ज्यांचं नाक या अख्ख्या डोंगरउतारावर शेवटचा शब्द होतं. दुसऱ्याच्या पेटीवरची केळीची पानं बाजूला सारून ते एकदाच हुंगायचे आणि म्हणायचे, उद्या काढ. लोक उद्याच काढायचे.

म्हणून तर सराव परीक्षेत, कोको पुरता आंबला हे कसं ओळखाल, या प्रश्नाला तिनं एका शब्दात उत्तर दिलं होतं – वासावरून. शेतीशास्त्र शिकवणाऱ्या मिस बॅप्टिस्टनी तिला थांबवून घेतलं होतं. "तुझ्या आजोबांचं नाक परीक्षकाला दिसत नाही, बाळ. बी कापायची, आतला रंग बघायचा, जांभळा म्हणजे कच्ची, तपकिरी म्हणजे तयार, ते लिही. या विषयात पहिली श्रेणी नसेल तर शहरातल्या कॉलेजात शेतीला जागा नाही."

ती जागा तर माझीच आहे, तिनं मनात म्हटलं होतं. आणि आज सकाळी, चला, तेही उरकून टाकू, म्हणून पेटीतून मूठभर बिया आणल्या होत्या. आजोबांनी कालच तयार ठरवलेल्या बिया, आता थोड्या वेळात उन्हात पसरायच्या. पुस्तक आणि आजोबा एकच बोलतात हे बघायचं, आणि मग गणित.

कडेच्या उचलल्या असतील मी. कडेच्या राहतात कच्च्या... ती खाली गेली, हात कोपरापर्यंत पेटीच्या उबेत खुपसून मधल्या बिया काढल्या, तिथंच कापल्या. जांभळ्या.

आजोबा चुकत नाहीत. पण मागच्या खेपेला खरेदी केंद्रानं त्यांचा माल खालच्या प्रतीत टाकला होता, आयुष्यात पहिल्यांदा, आणि आजोबांनी पावसावर खापर फोडलं होतं. पुन्हा तसं झालं तर आजोबांना पेटीजवळ कोण बोलावणार? आणि तो दिवस – आईनं फणसासारखं ते ब्रेडफ्रूट चुलीवर विसरून जाळलं, घरभर धूर, सगळे खोकत बाहेर, आणि आजोबा खिडकीकडं तोंड करून निवांत टोपली विणत बसलेले... आम्ही किती हसलो होतो. म्हातारा कामात बुडला की जग जळो, असं आई म्हणाली होती. तेव्हा त्यांना वास...

नाही येत. ज्युनेल पेटीला टेकली. केव्हापासून येत नाही?

रोज शाळेला निघताना ते पानं सारून विचारायचे, सांग बरं, कसा वास येतोय? तिला वाटायचं, तोंडी परीक्षा. तिला तोंडी परीक्षा आवडायची. पटकन उत्तर द्यायची, ते मान डोलवायचे, आणि पैकीच्या पैकी मिळाल्यासारखी ती उतारावरून उड्या मारत जायची. कालही विचारलं होतं. दप्तर खांद्यावर, डोक्यात रसायनाची समीकरणं, आणि तिनं फाटकातूनच सांगितलं होतं – आंबटपणा गेला, गोड येतोय. वाकलीसुद्धा नव्हती.

परीक्षा नव्हती ती. ते खरंच विचारत होते.

आजोबा फावडं घेऊन आले. एरवी तिच्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. आता ती हातातल्या कापलेल्या बिया नुसत्या उलटसुलट करत राहिली. मग तिचं नेहमीचं धाडस परत आलं, थोडं वेगळं होऊन.

"आजोबा, ही पेटी एक-दोन दिवस मला द्या ना. अभ्यासाला. रोज बिया कापून रंग कसा बदलतो ते बघायचंय."

"तुझ्या अभ्यासापायी माझा कोको सडवू होय गं?"

"पहिली श्रेणी हुकली तर जन्मभर तुमच्याच उरावर बसेन, बघा."

ते हसले नाहीत. तिच्या हातातल्या कापलेल्या बियांकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं, फावडं भिंतीला टेकवलं, आणि रोजच्याच आवाजात म्हणाले,

"सांग बरं, कसा वास येतोय?"

ती गुडघ्यांवर बसली. पानं सारून इतकी वाकली की वाफेनं गाल भिजले. डोळ्यांत पाणी आणणारा व्हिनेगरचा झणका, त्याच्याखाली कुठंतरी भाकरीच्या पिठासारखं काही, आणि गोड – गोड आहे का? शोधलं तर आहे, पण फार खोल. एवढं सगळं रोज इथं होतं.

"अजून आंबट आहे, आजोबा."

"काल गोड म्हणालीस."

"काल मी वास घेतलाच नव्हता."

एकेक पान उचलून आजोबांनी बियांवर नीट पसरलं, कडा खोचल्या. "बरं," एवढंच म्हणाले, "उद्या परत विचारीन."

विचारा. मी सांगेन – परवाही, परीक्षेच्या सकाळीही. तिला पुन्हा खात्री वाटू लागली, वेळापत्रक नव्यानं आखायचं, शेतीशास्त्र सगळ्यांत वर, पहिली श्रेणी कुठं जात नाही, कॉलेजातली जागा कुठं जात नाही... आणि मग सप्टेंबर. मी शहरात. इथं पेटी उघडून ते कुणाला विचारतील?

उत्तर देऊन झालं होतं. तरी तिनं पानाची कड उचलली आणि पुन्हा वाकून वास घेतला.