ओतिलिया मावशीचा मीटर

ओतिलिया मावशीला मंडळीतून काढून टाकलं.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा, कारण असं काही घडलेलंच नाही. आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कुणाला काढत नाहीत. पास्टर अबेलार्दोंनी व्यासपीठावरून जाहीर केलंय की ओतिलियाताई सध्या 'प्रभूसोबत एकांतात' आहेत, आणि आमेन म्हणण्याइतपत ते सगळ्यांना पटलंय. मावशी एकांतात नाही. ती माझ्यासमोर बसून हिरवी केळी सोलतेय आणि मधूनमधून मला आळशी म्हणतेय. पण पास्टरांचं म्हणणं माइकवरून आलंय आणि मावशीचं नुसतं तोंडानं, तेव्हा खरं कुणाचं हे उघड आहे.

आमच्या लोमा सेका वस्तीत वीज म्हणजे आकडा. खांबावरच्या तारेला आकडा टाकायचा आणि खाली घरात फ्रीज, पंखा, टीव्ही लावून देवाचे आभार मानायचे. यातले तज्ज्ञ म्हणजे आमच्या मंडळीचे डीकन, पास्टरांचे उजवे हात, नेरेओ. लांब बांबू, टोकाला वायर. बांबू उचलण्याआधी ते डोळे मिटून प्रार्थना करतात. पकडलं जाऊ नये म्हणून नव्हे, पकडायला कोण येतंय? शॉक बसू नये म्हणून. ती प्रार्थना आजवर एकदाही फुकट गेलेली नाही. आमच्या मंडळीकडे चमत्काराचा एवढा ठोस पुरावा दुसरा नाही.

मी मंडळीत आवाजाची व्यवस्था बघायचो. म्हणजे पास्टर ओरडू लागले की बटणावर हात ठेवून आवाज कमी केल्यासारखं दाखवायचो.

तर पास्टर तेव्हा दहा आज्ञांवर बोलत होते, दर रविवारी एक. आठव्या आज्ञेच्या दिवशी वारा सुटला होता. पास्टर घामाघूम होऊन 'चोरी' या शब्दापर्यंत आले आणि आकडा निसटला. माइक गेला, दिवे गेले, पंखे गेले. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. डीकन नेरेओ उठले, कोपऱ्यातला बांबू घेतला आणि बाहेर गेले. तेवढ्यात बायकांनी टाळ्या वाजवत एक गीत धरलं. तिसऱ्या कडव्याला दिवे लागले.

"आली!" अख्खी मंडळी ओरडली. या देशात वीज आली की सगळेच ओरडतात, त्याला धर्म लागत नाही.

पास्टरांनी माइकवर टिचकी मारली. "तर मी म्हणत होतो, दुसऱ्याचं घेऊ नका. कुणी बघत नसलं तरी नका."

"आमेन!" डीकन नेरेओ दारातून म्हणाले. बांबू अजून हातातच होता.

त्या दिवशी सगळ्यांचे डोळे भरून आले. मावशी मात्र बांबूकडे बघत बसली. गाणाऱ्या बायकांत ती पहिल्या बाकावर असते, तिचा आवाज सगळ्यांच्या वर असतो; शेवटच्या गीताला तिचं तोंडसुद्धा हललं नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "विल्किन, आपला आकडा काढ."

"मावशी, जेवायला काय आहे?"

"आधी आकडा काढ. मग सांगते."

जेवायला काल उरलेला भात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "वस्ती कुठली? लोमा सेका? मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही, बाळ. मीटर पाहिजे."

मुलीनं साहेबाला बोलावलं. साहेबानं मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आजी, घरात कुणी त्रास देतंय का तुम्हाला?" विचारताना तो माझ्याकडे बघत होता.

मीटर बसवायला आलेला वायरमन शिडीवर चढला, वरचं तारांचं जाळं बघितलं आणि शिट्टी वाजवली. "ताई, खरं सांगू? माझ्या घरीपण आकडाच आहे."

"मग रात्री झोप कशी लागते रे तुला?"

"एसीत लागते की."

मीटर लागला. पंखा आता पापाशिवाय फिरू लागला. फिरायचा मात्र कमी, कारण मावशी सारखी बंद करायची. चिंचेच्या सरबताच्या गोठवलेल्या पिशव्या ती पोरांना विकायची, त्यासाठीचा मोठा फ्रीजही तिनं विकून टाकला.

आठवडाभरात पास्टर कॉफीला आले. बरोबर पंख्याखालची खुर्ची धरली.

"ताई, मीटर छान दिसतो हो."

"तुम्हीपण घ्या की, पास्टर."

"तसं नव्हे. बाहेरून फार दिसतो. त्याच्यावर एखादं कापड टाकता येणार नाही का?"

"कापड कशाला? तो काय उघडा फिरतोय?"

"आता कंपनीचा माणूस दर महिन्याला रीडिंग घ्यायला येणार. तो वर बघणार. वर बघितल्यावर त्याला काय दिसणार?"

"आकाश," मी म्हणालो.

"तू गप्प बस, विल्किन. ताई, देवानं ढगात वीज ठेवली तेव्हा कुणाला बिल पाठवलं होतं का?"

"मग ढगातली घ्या. मी खांबावरच्या विजेबद्दल बोलतेय."

"तुमच्यामुळे बंधूभगिनी अडखळतायत."

"मी कुणाच्या पायात आले? मी तर कुणाला काही बोललेसुद्धा नाही."

हे मात्र खरं होतं, आणि हेच कुणाला सहन होत नव्हतं. ओरडणाऱ्या बाईला वेडी ठरवता येतं. गप्प राहून बिल भरणाऱ्या बाईचं काय करायचं?

मावशीला 'शिस्तीत' ठेवलं. म्हणजे बसायचं शेवटच्या बाकावर, गायचं नाही, प्रभुभोजनाची भाकर नि पेला समोरून जाऊ द्यायचा, आणि बाकीच्या बायकांनी मागे वळून हलकेच उसासे टाकायचे. याआधी एकाला बचाता नाचल्याबद्दल ठेवलं होतं, एकाला कोंबड्यांच्या झुंजीवर पैज लावल्याबद्दल. मीटर घेतल्याबद्दल ही पहिलीच वेळ, त्यामुळे पापाला नाव शोधताना मंडळीच्या कारभाऱ्यांची, म्हणजे वडीलमंडळाची, फार ओढाताण झाली. प्रामाणिकपणा म्हणणं बरं दिसलं नसतं. शेवटी 'गर्व' ठरलं. पास्टरांनी सांगितलं, "मीटर काढा ताई, की पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या बाकावर."

मावशीचा नवरा न्यूयॉर्कला गेला आणि तिकडचाच झाला. लेकरू नाही. तिला या जगात जायला एकच जागा होती. त्या रविवारी भाकरीचं ताट शेवटच्या बाकापर्यंत आलं तेव्हा तिचा हात मांडीवरून अर्धा उठला आणि परत खाली गेला. ताट पुढे सरकलं. इथं मी एक विनोद करणार होतो. केला नाही.

पुढे पास्टरांच्या खोलीत एसी आला. डीकन नेरेओंनी त्याच्यासाठी मांडीएवढी जाड वायर टाकली, नेहमीपेक्षा लांब प्रार्थना केली आणि ट्रान्सफॉर्मर उडाला. कंपनीचा ट्रक आला. ट्रान्सफॉर्मर बदलला, आणि आलोच आहोत तर म्हणून सगळे आकडे कापून नेले. बांबूसुद्धा नेला.

नेमका दुसऱ्या दिवशी मंडळीचा वर्धापनदिन. राजधानीतून पाहुणे वक्ते येणार होते, बकऱ्याचं मटण शिजत होतं. संध्याकाळी अख्ख्या वस्तीत एकाच घरात दिवा होता. पास्टर आणि डीकन नेरेओ वायरचं भेंडोळं घेऊन दारात उभे राहिले.

"ताई, फक्त एक वायर. आजच्यापुरती."

"माझ्या मीटरवरून?"

"प्रभूसाठी."

"कंपनीनं ती माझ्या घरापुरती दिलीय, पास्टर. मी तसं कबूल केलंय. तुम्ही असं करा, खुर्च्या घेऊन माझ्या अंगणात या. दिवा आहे, जागा आहे. उपासना इथंच करू."

"पण तुम्ही शिस्तीत आहात, ताई. शिस्तीतल्या बाईच्या अंगणात पाहुण्यांना कसं बसवू?"

"मग शिस्तीतल्या बाईच्या वायरवर कसं बसवता?"

डीकन नेरेओ भेंडोळ्याकडे असे बघू लागले की जणू ते आत्ताच कुणीतरी त्यांच्या हातात दिलंय.

पास्टरांनी आवाज मऊ केला. "ताई, वायर द्या. उद्यापासून पहिला बाक. गाणं, प्रभुभोजन, सगळं. मी शब्द देतो."

मावशीला काय पाहिजे होतं ते मला माहीत होतं, आणि ते दारात उभं होतं, वायरीच्या भेंडोळ्यासकट. मला वाटलं, ती देणार. मी तर देऊनच टाकली असती.

"तो बाक मला प्रभूनं दिलाय असं मी समजत होते," ती म्हणाली. "तुमचा होता, हे माहीत नव्हतं. कॉफी घेता?"

त्यांनी घेतली नाही. उपासना मोबाइलच्या उजेडात झाली. पाहुणे वक्ते 'जगाला उजेड देण्याची आपली जबाबदारी' या विषयावर बोलले. बॅटऱ्या संपत गेल्या तसे ते दिसेनासे झाले. मी आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलो होतो. त्याला वीज नव्हती, त्यामुळे काम नेहमीसारखंच चाललं होतं.

आठवड्याच्या आत नवा बांबू आला. त्याच रविवारी, नव्या आकड्याच्या झगझगीत उजेडात, मावशी एकांतात गेल्याचं जाहीर झालं. मी हात वर करून म्हणालो की ती घरी आहे, सरळ जाऊन उजवीकडे. तेव्हापासून मीही एकांतात आहे.

तरी, वडीलमंडळ यांस सविनय विनंती, की ओतिलियाबाईंना यथायोग्य पश्चात्ताप करता यावा यासाठी, त्यांनी नेमकं कोणतं पाप केलं हे मंडळानं एका वाक्यात लेखी कळवावं; आणि सदर वाक्य लिहिताना, ज्याचं बिल भरलेलं आहे अशाच दिव्याखाली बसावं.