सुतारकाकांच्या हातावरचा रंधा

मी एक जुना रंधा आहे. सुताराकडे लाकूड गुळगुळीत करायला असतो ना, तोच. पण मित्रांनो, माझ्या पात्यानं आजवर एक सालपटसुद्धा निघालेलं नाही, कारण मी लाकडाचा नाही आणि लोखंडाचाही नाही. मी शाईचा आहे. एका सुताराच्या डाव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, मला गोंदलेलं आहे. हल्ली मला टॅटू म्हणतात. म्हणोत बापडे.

सुतारकाकांची लेक, घरात तिला सगळे बबडी म्हणतात, ती टॅटू काढायला शिकली. आधी कागदावर, मग संत्र्यांच्या सालीवर, मग रबराच्या नकली कातडीवर. तिची आई संत्रं सोलायला घ्यायची आणि त्यावर कुठे मासा, कुठे फूल निघायचं. सुतारकाका कुरकुरायचे, "लाकूड बिघडलं तर फळी बदलता येते. माणसाची कातडी कुठून आणणार गं?" पण लेकीनं बाजारातल्या गल्लीत एक लहानशी खोली भाड्यानं घेतली, तेव्हा तिथलं कपाट, टेबल, खुर्ची सगळं त्यांनीच करून दिलं. पॉलिश असं मारलं की कपाटात तोंड दिसावं.

खोली चकचकीत झाली, गिऱ्हाईक मात्र फिरकेना. लोक दारातून डोकावायचे आणि विचारायचे, "तुम्ही कुणाच्या हातावर काढलेला एखादा दाखवा बरं." आता दाखवणार काय, संत्रं? शेवटी एक दिवस सुतारकाकाच बाही वर सारून खुर्चीत बसले. "काढ माझ्यावर. बघू दे लोकांना."

लेकीनं लगेच सुई उचलली असेल असं वाटतं ना? छे! ती म्हणाली, "आधी घरी जाऊन विचार करा, बाबा. हे जन्मभर अंगावर राहणार." सुतारकाकांनी विचार केला आणि त्यांना त्यांचा सगळ्यात आवडता कोरीव पलंग हवासा वाटला. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "हातावर पलंग घेऊन फिरणार? लोक म्हणतील, कधीही झोपायची सोय करून ठेवलीय!" मग पलंग बारगळला आणि रंध्यावर एकमत झालं. अशी माझी निवड झाली.

बबडीनं आधी विचारलं, "साखरेचा त्रास नाही ना? कसल्या गोळ्या चालू आहेत का? पोटभर जेवून आलात ना?" मग हात धुतले, हातमोजे चढवले, त्यांच्या हातावरचे केस काढले, जागा स्वच्छ पुसली आणि नव्या सुईचं बंद पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर फोडलं. कागदावरचं माझं चित्र हातावर दाबून उमटवलं. सुतारकाकांनी खिशातून गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, काढला आणि मी सरळ बसलोय का ते तपासलं! लेक हसून हसून बेजार झाली. गुण्या म्हणाला की मी सरळ आहे, तेव्हा कुठे यंत्र सुरू झालं.

दुखलं का? दुखलं. "मुंगी चावल्यासारखं आहे," असं म्हणणारे सुतारकाका मनगटाजवळ सुई आल्यावर छताकडे बघू लागले. माझी मूठ झाली, पाचर झाली, शेवटी काळंभोर पातं भरलं. आरशात स्वतःला पाहिलं तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू?

बबडीनं मग बजावून सांगितलं, "बाबा, ही आता जखम आहे. साध्या साबणानं, कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुवायची. घासायचं नाही, टिपायचं. मलम इतकं पातळ लावायचं की लावलंय की नाही ते कळू नये. खपली धरेल, खाज सुटेल, पण खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही. ऊन नको, भिजत ठेवणं नको, भुसा तर मुळीच नको. लाली वाढली, पू आला, ताप आला तर सरळ डॉक्टर."

"हो गं बाई, हो. कळलं," सुतारकाका म्हणाले. ते "हो" फार पटकन आलं होतं, हे मला तेव्हाच खटकलं.

समोरच्या बेकरीत भट्टी सांभाळणाऱ्या बाई मला बघायला आल्या. त्यांच्या मनगटावर भट्टीचा जुना डाग होता आणि त्यावरून त्यांना एक वेल काढून हवी होती. बाई तोंडाच्या मोकळ्या. म्हणाल्या, "आज तर सुरेख दिसतोय. पण तुझ्या बाबांचा हात पुरता भरू दे. तेव्हा कसा दिसतो ते बघते आणि मग ठरवते." बाईंचं काम चांगलं झालं तर पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कळणार होतं, आणि वाईट झालं तरीही कळणार होतं. म्हणजे बबडीची खोली चालणार की बंद पडणार, हे माझ्या तब्येतीवर ठरणार होतं. आणि माझी तब्येत सुतारकाकांच्या हाती होती!

मित्रांनो, या माणसानं मला मनापासून जपलं. तीच तर पंचाईत झाली. आयुष्यभर त्यांनी टेबलं, खुर्च्या, दारं चमकवलेली. पॉलिशच्या एका हातावर दुसरा हात चढवल्याशिवाय चमक येत नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. पातळ मलम त्यांना कंजूषपणा वाटला. त्यांनी सकाळी एक थर दिला, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. माझा नुसता चिखल झाला. कामावर बाही खाली राहायची नाही, मग त्या चिखलावर सागवानाचा भुसा येऊन बसायचा. मी गुदमरून गेलो.

मग खपली धरली आणि माझे पापुद्रे सुटू लागले. हे व्हायचंच असतं. वरची कातडी गळते, शाई खालच्या थरात शाबूत असते. पण सुतारकाकांच्या डोळ्यांना ते उडालेलं पॉलिश दिसलं. उडालेल्या पॉलिशचं सुतार काय करतो? घासतो! त्यांनी झिरो नंबरचा पॉलिशपेपर घेतला आणि माझ्या पात्यावरून फिरवला. अगदी हलक्या हातानं, जीव लावून, कडेकडेनं. खपली निघाली, तिच्याबरोबर शाई निघाली आणि रक्त आलं. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे?

हात सुजला, गरम झाला. आईनं बघितलं आणि ती हबकलीच. "अहो, हे काय झालंय?"

"काही नाही. लाकूड घासलं गेलं हाताला," सुतारकाका म्हणाले.

आई त्यांना धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधानं सूज उतरली, पण भरून आल्यावर माझ्या काळ्या पात्यात मध्यभागी एक फिका, खडबडीत पट्टा राहिला. आई बबडीला हळूच म्हणाली, "तुझी सुई खोल गेली असेल का गं?" बबडीचा चेहरा उतरला. तिनं माझ्यावर भिंग धरलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणाली, "गेली असेल. एरवी असं कसं होईल?" सुतारकाकांनी बाही खाली ओढली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून लाकूड बिघडलं असं गावात कुणी म्हटलेलं नव्हतं. आपल्या हातून बिघडलं, हे त्यांच्या तोंडातून निघेना. मला त्यांचा राग आला. खरंच आला.

बबडी नीट जेवेना. खोली उघडायची आणि नकली कातडीवर तेच पातं पुन्हा पुन्हा काढत बसायची.

हात पुरता भरल्यावर ठरल्याप्रमाणे बेकरीच्या बाई आल्या. सुतारकाका बाही वर करून बसले. बाईंनी मान वाकडी करून पट्टा पाहिला. त्या काही बोलायच्या आतच बबडी म्हणाली, "बाई, तुम्ही दुसरीकडे करून घ्या. माझा हात अजून तयार नाही. मी ही खोली सोडतेय."

सुतारकाकांनी खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"यानं घासलं मी," ते म्हणाले. "पापुद्रे सुटले, तर मला वाटलं, साफ करावं. मलमसुद्धा थापलं. तिनं सगळं सांगितलं होतं. काम तिचं चोख होतं, बिघडवलं मी."

बाईंना हसू आवरेना. "अहो, हात आहे का कपाटाचं दार?"

बबडी मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, मला झोप नाही हो इतके दिवस. मला वाटलं, मला जमतच नाही. तुम्ही बघत होता ना?"

"बघत होतो," सुतारकाका म्हणाले. "चुकलं, बबडे. माझं फार चुकलं."

मग बाईंनी सुतारकाकांचा हात दिव्याखाली ओढला. माझी मूठ पाहिली, पाचर पाहिली, रेघ न् रेघ पाहिली. आणि बाही सारून खुर्चीत बसल्या. "काढ माझी वेल. फक्त मलम किती लावायचं ते तुझ्या हातानं दाखव. मी यांच्यासारखी शहाणी नाही."

तिथून खोली चालली, मित्रांनो. बबडी म्हणाली होती, पट्टा शाईनं पुन्हा भरता येतो. सुतारकाका म्हणाले, "राहू दे." कुणी नवीन आलं की ते हात पुढे करायचे. "हे काळं दिसतंय ते लेकीचं काम. हा पांढरा पट्टा माझी अक्कल. आता ठरवा, कुणाचं ऐकायचं." लोक हसायचे आणि मुकाट्यानं सूचना ऐकायचे. माझं कौतुक व्हायचं ते असं, व्यंगासकट. सुरुवातीला मला लाज वाटायची, मग सवय झाली.

पुढे मला कुणी फारसं विचारीनासं झालं. दाखवायला इतर पुष्कळ हात झाले. सुतारकाका भर उन्हात छपराची कामं करायचे. उन्हापासून जपणारं मलम बबडीनं दिलं होतं, ते फळीवर तसंच वाळून गेलं. माझा काळा रंग निळसर झाला, रेघा जाडावल्या. कातडी सैल पडली तसा मी किंचित वाकलो. आता मला गुण्या लावला तर नापासच होईन.

काम सुटलं त्या वर्षी सुतारकाका स्वतःच लेकीपुढे हात ठेवून म्हणाले, "आता भरून टाक गं तो पट्टा. जाताना तरी रंधा पुरता असावा."

बबडीनं पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "नाही भरणार, बाबा."

"का गं?"

"तुम्ही कधी कुणापुढे चुकलो म्हणाला नव्हता. त्या दिवशी परक्या बाईसमोर म्हणालात, माझ्यासाठी. तो पट्टा दिसला की मला बरं वाटतं."

सुतारकाकांनी एकदा पट्ट्याकडे बघून घेतलं आणि मग सावकाश बाही खाली ओढली. मला पट्टा भरून हवा होता, हे मी कबूल करतो. तेव्हापासून मात्र तो भरायला नकोच वाटतं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, टॅटूची घाई करू नका. मोठे व्हा, विचार करा, आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडणाऱ्याकडेच जा. जखम भरेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नका, उन्हात तिला झाका. आणि तुमच्या हातून काही बिघडलं तर त्याच दिवशी सांगा. ज्याचा हात चुकलेला नाही, त्याची झोप घालवू नका.