मशीनची पिल्लं

मखमलाबादला आमच्या झेंडूच्या वावराला लागून खुराडं आहे. त्यात अकरा पिल्लं, सगळी मशीनमध्ये उबवलेली. दोन महिने ती जाळीबाहेर काढलीच नव्हती.

"यांना खुडूक कोंबडीनं वाढवलं नाय. घार म्हणजे काय, ते यांना कोण सांगणार?" माझ्या सासूबाई, नवसाबाई, रोज कुरकुरायच्या. दाणे टाकताना त्या स्वतःच कोंबडीसारखं 'कुक कुक' करायच्या, मग पिल्लं पायाशी गोळा व्हायची. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काल सकाळीच मी दार उघडायला गेले, तर त्या खेकसल्या, "दुपारचे दाणे देऊ नको, दिवस कलल्यावर सोड. भुकेली असली की घरी परततात." मी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

दिवस कलल्यावर पिल्लं बाहेर आली आणि माती उकरू लागली. तेवढ्यात वर घार फिरली. मी ओरडत टाळ्या वाजवल्या, तर पिल्लं घाबरून उघड्यावरच थिजली.

"गप गं!" गुडघ्यांपायी तीन वर्षं जमिनीवर न बसलेल्या सासूबाईंनी मातीत फतकल मारली, पदर पसरला आणि 'कुक कुक' केलं. अकराही पिल्लं धावत पदराखाली शिरली.

घार निघून गेली. सासूबाईंना उठवायला मी हात पुढे केला.

"थांब," त्या हळूच म्हणाल्या. "एका पिल्लाची धडधड अजून थांबली नाय."