बंद केलेली गोळी

ती बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. बाळंतपणाच्या रजेवर घरी असताना एका दुपारी ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिनं "हॅलो" म्हटलं, तर पलीकडून आवाज आला, "भाऊजी, जरा तिला फोन द्या ना."

"अगं, मीच बोलतेय!"

मैत्रीण खो खो हसली आणि मग एकदम थांबली. "आवाजाला काय झालंय गं तुझ्या?"

काय झालंय ते तिलाही कळत नव्हतं. आवाज घोगरा झाला होता, अंग जड पडलं होतं, भर उन्हात स्वेटर लागत होता. दूध कमी झालं होतं. बाळ ओढून ओढून दमायचं आणि टाहो फोडायचं. बाळंतिणीचं असं व्हायचंच, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

फोन ठेवल्यावर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "सकाळी उपाशीपोटी घ्यायचीस ती थायरॉईडची गोळी हल्ली दिसत नाही?"

"बंद केली. दुधातून बाळाच्या पोटात जाईल म्हणून."

"कुणाला विचारून?"

सासूबाई ओरडल्या नाहीत. "औषध मनानं घेऊ नये, तसं मनानं सोडूही नये. चल, चप्पल घाल."

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "हे परकं औषध नाही हो. तुमच्या गळ्यातली ग्रंथी जे बनवायला कमी पडते, तेच गोळीतून देतो आपण. दुधात उतरतं ते नावापुरतं. ते बाळाला बाधत नाही. उलट गोळी सोडली की दूध आटू शकतं."

"म्हणजे मीच त्याला उपाशी ठेवलं?" तिला रडू कोसळलं.

"बाळाचं वजन जरा मागे आहे, भरून निघेल. तोवर वरचं दूध द्या."

गोळी पुन्हा सुरू झाली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची, एवढं बाईंनी बजावलं. जादू काही झाली नाही. पण हळूहळू डोळ्यांवरची झापड गेली, घसा मोकळा झाला, दूधही वाढलं. वरचं दूध मात्र पूर्ण सुटलं नाही. सुरुवातीला ते तिच्या मनाला लागायचं.

सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं पाजत म्हणायच्या, "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण आमचा पाहुणा बघ कसं बाळसं धरतोय!"

ती हसायची आणि पदर सावरून आपली पाजायची वेळ यायची वाट बघायची.