पहिला वारा सरल्याची वेळ

गेली दोन वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारून पगार घेते. "वारा सरला का?"

हसू नका. कोणालातरी विचारावंच लागतं. आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली की आतडं रुसून बसतं. दोन दिवस, तीन दिवस, कधी पाच दिवस ढिम्म हलत नाही. ते पुन्हा कामाला लागलं हे कळायची खूण एकच, वारा सरणं. आमचे मोठे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. वारा सरल्याशिवाय ते घोटभर चहासुद्धा देत नाहीत आणि खाल्लेलं पचल्याशिवाय कोणाला घरी सोडत नाहीत. त्यामुळे आमच्या मजल्यावर कोण किती शिकलंय आणि कोण किती मोठ्या हुद्द्यावर आहे, याला काडीची किंमत नाही. सगळे त्या एका आवाजाची वाट बघत पडलेले असतात.

मी संशोधनाची नर्स. ऑपरेशननंतर ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्या तर आतडं लवकर जागं होतं का, हे आम्ही शोधतोय. निम्म्या पेशंटना खऱ्या सुया, निम्म्यांना खोट्या. खोटी सुई बोथट असते. कातडीला टेकवली की आपल्याच दांड्यात मागे सरकते, आणि पेशंटला वाटतं टोचली. कोणाला कुठली, हे फक्त सुया टोचणाऱ्याला माहीत. मला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. सुया टोचणारा हा एक उंच, किडकिडीत, लाजाळू गृहस्थ. मजल्यावर सगळे त्याला टाचणी म्हणतात. पेशंटला काही सुगावा लागू नये म्हणून त्याला तीनच वाक्यं बोलायची परवानगी आहे: "सुरू करतो. दुखलं तर सांगा. झालं." घरी बायकोशीही तो एवढंच बोलत असावा, असा माझा अंदाज आहे.

अतिदक्षता विभागातली माझी मैत्रीण व्हेंटिलेटरवरच्या माणसांच्या श्वासांवर संशोधन करते. खालच्या मजल्यावरचा एक जण नव्या केमोने आयुष्य किती महिन्यांनी वाढतं ते बघतो. कॅन्टीनमध्ये एकत्र बसलो की दोघं कपाळाला आठ्या घालून कामाबद्दल बोलतात. माझी पाळी आली की विषय बदलतात.

तर सोमवारी बाईंचं ऑपरेशन झालं. बाई म्हणजे रेडिओवर तीस वर्षं बातम्या वाचलेल्या, आता निवृत्त. वय अडुसष्ट, केस पांढरेशुभ्र, आणि आवाज असा की पाणी मागितलं तरी सरकार पडल्याची बातमी ऐकतोय असं वाटावं. मंगळवारी सकाळी मी माझा कागद घेऊन गेले आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

त्यांनी डोळे मिटून घेतले. "सिस्टर, हे जरा वेगळ्या शब्दांत विचारता येईल का?"

"विचारते की. कुठल्या शब्दांत?"

त्यांनी बराच विचार केला. "विचारूच नका," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत माइकसमोर मी एकदा शिंकलेसुद्धा नाही."

"इथे माइक नाही, बाई."

"तुम्ही आहात ना!"

मला त्या आवडल्या. मला कोणी आवडलं की मी आणखी तिरकस बोलते, ही माझी खोड. दर चार तासांनी आमची ही चकमक व्हायची आणि दर वेळी मी कागदावर "नाही" लिहून परत यायचे.

बुधवारी मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी उशी नीट करत असताना त्या आपणहून बोलायला लागल्या. घरी नवरा होता. दातांचे डॉक्टर, फार हळुवार हाताचे. पण गेली तीन वर्षं सगळं विसरत चाललेले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. गेल्या वर्षभरात बायकोचं नावही गेलं. जेवायला मात्र त्यांना समोर बाईच लागायच्या. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. आठ दिवसांची रजा काढून आला होता, रविवारी परत जाणार होता. त्याने बाबांसाठी अशा माणसांना सांभाळणारं एक ठिकाण शोधलं होतं. तिथे एकच बेड रिकामा होता आणि शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तो यांच्यासाठी ठेवलेला होता.

"मी शनिवारी घरी असले तर ते घरीच राहतील. मुलाने तसं कबूल केलंय," बाई म्हणाल्या. "नसले तर त्यांना तिकडे नेतील. आणि एकदा नेलं की संपलं, सिस्टर. त्यांना घर आठवणार नाही. मग आठवतच नाही तर परत कशाला आणायचं, असंच सगळे म्हणतील."

"ते ठिकाण वाईट आहे का?"

"नाही हो. चांगलं आहे. बागबिग आहे." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "पण मी नाही ना तिथे."

मी उशी पुन्हा एकदा नीट केली, जी आधीच नीट होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला बघताच सांगून टाकलं, "झालं. काल रात्री अकरा वाजता."

माझा जीव भांड्यात पडला. मी लिहिलं: अकरा वाजता. मोठे डॉक्टर आले, खूश झाले, चहा दिला, दुपारी सूप दिलं. बाईंनी सूप संपवलं आणि वाटी मला उलटी करून दाखवली. मुलाला फोन करून शनिवारी गाडी घेऊन यायलाही सांगितलं.

संध्याकाळी मी आठवड्याचे कागद लावत बसले होते, तेव्हा माझा हात थांबला. नऊ बावन्न. दोन तेरा. पाच एकेचाळीस. सगळ्यांच्या वेळा अशाच वेड्यावाकड्या, कारण वारा काही घड्याळ बघून सरत नाही. आणि बाईंची वेळ काय, तर अकराच्या ठोक्याला. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. आयुष्यभर ठोक्याला बातम्या वाचलेल्या बाईला खोटी वेळ सांगतानासुद्धा दुसरी सुचली नव्हती.

मी धावले, पण उशीर झाला होता. पोट टम्म फुगलेलं, चेहरा पांढरा, आणि सूप, चहा सगळं उलटून पडलेलं. नाकातून नळी घालून पोट रिकामं करावं लागलं. ते आटोपल्यावर मी त्यांना असं झापलं की शेजारच्या खोलीतला पेशंट घाबरून उठून बसला. "उलटी फुफ्फुसात गेली असती तर? व्हेंटिलेटरवर गेला असतात! मग काय शनिवारी सहा वाजायच्या आत घरी पोचला असतात?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलायची ताकद नव्हती. मीच पुसलं. पुसताना मला माझाच राग येत होता. दोन वर्षं मी लोकांना हा प्रश्न विचारत होते, पण उत्तरावर कोणाचं घर टांगलेलं असू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आमच्या कामात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी कारण लिहून सही करायची. मी रेघ मारली आणि लिहिलं, "पेशंटने चुकीची वेळ सांगितली."

"काय लिहिलंत? वाचून दाखवा," बाई नाकातून म्हणाल्या. नळीमुळे तो भरदार आवाज पार सर्दाळलेला येत होता.

मी वाचलं.

"'चुकीची' नाही. 'खोटी'. बातमी नीट द्या."

शनिवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी पोटावर हात फिरवून सांगितलं, घरी जायचं मंगळवारच्या आधी नाव काढू नका. बाईंनी मान डोलावली. त्यांनी मुलाला फोन केला नाही. मीच केला.

भेटायची वेळ चार ते पाच. चारला टाचणीने सुया लावल्या, दंडांना, पायांना, आणि घड्याळ हातात धरून कोपऱ्यात उभा राहिला. वीस मिनिटं सुया तशाच ठेवायच्या असतात. तेवढ्यात मुलगा आला, बाबांचा हात धरून. काका उंचेपुरे, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, केसांचा भांग सरळ. त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना वाकून अभिवादन केलं, पलंगालासुद्धा. मग खुर्चीवर बसले आणि नळी लावलेल्या त्या बाईकडे परक्या माणसाकडे बघावं तसं सौजन्याने बघत राहिले.

"आई, बाबांची बॅग खाली गाडीत आहे," मुलगा म्हणाला. तोही झोपेविना पार उतरलेला दिसत होता. "इथूनच आम्ही तिकडे जातो."

"मंगळवारी मी घरी येते रे."

"आणि मंगळवारपर्यंत? मी उद्या जाणार. तू घरी आलीस तरी तुलाच उठता येणार नाही, त्यांचं कोण करणार?"

"शेजारणीला विचारते. मदतीला कोणीतरी ठेवते. तू आणखी चार दिवस थांब."

"आई." तो बाईंच्या पायाशी बसला. वाईट मुलगा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. "तू कोण आहेस हे त्यांना कळत नाही. आता या खोलीत त्यांना कोणीच ओळखीचं नाहीये. मग त्यांना घर काय आणि तिकडे काय, काय फरक पडतो? तूच सांग."

बाईंनी तोंड उघडलं. आणि नेमकं तेव्हाच ते झालं.

मी दोन वर्षांत पुष्कळ आवाज ऐकलेत, पण असा नाही. लांब, ठणठणीत, शेवटी जरा वर चढत गेलेला. मग खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आमची टाचणी भिंतीवरच्या बटणांकडे टक लावून उभी होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते. बाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. तीस वर्षं ज्यांनी माइकसमोर शिंक आवरली, त्या बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

काका खुर्चीतून उठले. छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून शांतपणे म्हणाले, "माफ करा हं. माझ्याकडून झालं."

मुलाने बाबांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही नव्हता."

काकांनी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात सांगितलं, पण बहिरी झालेली माणसं कुजबुजतात तसं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गप्प बस. ही बाई कोण आहे मला माहीत नाही. पण चारचौघांत तिला लाज वाटता कामा नये."

बाईंच्या घशातून एक आवाज निघाला. रडणं की हसणं, मला कळलं नाही. नंतर कळलं, दोन्ही.

"एकेचाळीस वर्षं," त्या मुलाला म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं ते हेच करत आलेत. लग्नात, लोकांच्या दिवाणखान्यात, तुझ्या शाळेच्या समारंभात. माझं पोट पहिल्यापासून असलंच. मी नुसतं त्यांच्याकडे बघायचे आणि ते उठून माफी मागायचे."

मुलगा उभाच राहिला. त्याच्या तोंडावर मी जे बघितलं ते आजवर कोणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. "म्हणजे... आम्हाला तर लहानपणापासून वाटायचं, बाबांनाच त्रास आहे. आजीने त्यांना ओव्याच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. आत्या त्यांच्या शेजारी बसायची नाही. आई, ते सगळे तुझे होते?"

"सगळे."

मी घड्याळ बघितलं होतं, ती सवयच आहे. पण नियम म्हणजे नियम, लिहायचं ते पेशंटच्याच तोंडून ऐकून. मी खाकरले. "बाई, मला नोंद करायची आहे. एक जण इथे आधीच कबूल झालेत."

"हो, मीच," काका म्हणाले.

"काका, तुमचं नाव माझ्या कागदावर नाही."

बाईंनी पांघरूण खाली सारलं. नाकात नळी, दंडात सुया, तरी मान ताठ झाली. "चार वाजून सतरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "माझा. लिहा."

मी लिहिलं. टाचणीने सुया काढल्या, "झालं" म्हणाला, आणि दारातून जाताना आयुष्यातलं चौथं वाक्य बोलला, "अभिनंदन." त्याबद्दल मी वर तक्रार करायला हवी होती. केली नाही.

मुलगा खिडकीपाशी गेला आणि त्याने फोन लावला. "आम्ही आज येत नाही... नाही, ठेवू नका, दुसऱ्या कोणाला द्या तो बेड." मग दुसरा फोन लावला, ऑफिसात, आणखी आठ दिवसांच्या रजेसाठी. पलीकडचा माणूस कारण विचारत असावा. मुलगा म्हणाला, "वडिलांना माझी गरज आहे. आणि मला त्यांची." त्यानंतर काय, हे त्यालाही माहीत नव्हतं, पण आठ दिवस तरी हातात होते.

काकांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. बाई रडताहेत हे बघून ते अस्वस्थ झाले होते.

"बाई, घरी कोणी आहे ना तुमचं?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "मंगळवारी जाते मी त्यांच्याकडे."

"चांगले आहेत ना ते?"

"फार चांगले आहेत हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काकांचा हात धरला. काकांनी तो काढून घेतला नाही.